व्ही.ए.मध्ये डोळे तपासून दिले, मग चष्मा का नाही?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. त्यात महत्त्वाची माहिती शेवटी, अगदी जाता जाता आली आहे. म्हणून तुमची हकीकत आधी माझ्या शब्दांत मांडते. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर सांगा.

तुम्ही २००९ ते २०१५ अशी सहा वर्षं अमेरिकन लष्करात गाड्यांचे मेकॅनिक होता, त्यातलं एक वर्ष अफगाणिस्तानात. आता वय ४६. व्ही.ए.च्या, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या, आरोग्यसेवेत तुमचं नाव नोंदलेलं आहे. महिन्याभरापूर्वी तिथेच डोळे तपासले. लांबचा अगदी थोडा आणि जवळचा दीडचा नंबर निघाला. मग चष्म्याच्या खिडकीवर गेलात, तर तिथे सांगितलं की तपासणी झाली, पण चष्म्यासाठी तुम्ही पात्र नाही. तुमच्याच तुकडीतल्या मित्राचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले असून त्याला मात्र व्ही.ए. चष्मा देते. पुढे तुम्ही लिहिलंय की मधुमेहाच्या गोळ्या दोन वर्षांपासून व्ही.ए.मधूनच चालू आहेत, आणि 'कानात सतत शिट्टी वाजते, पण ते जाऊ दे'. विचारलंय ते असं: माझं चुकलं कुठे, बाहेर चष्मा करून बिल पाठवलं तर चालेल का, आणि भारतातून आलेल्या वडिलांना, जे स्वतः निवृत्त फौजी आहेत, माझ्या नावावर चष्मा मिळेल का.

ते 'जाऊ दे' मी जाऊ देणार नाही. बहुतेक सगळं उत्तर तिथेच आहे.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी, आहे. पुण्यात शिकले, इथे अमेरिकेत आल्यावर पुन्हा शिकून परवाना घेतला. अकरा वर्षं माजी सैनिकांच्या एका नेत्रविभागात काम केलं, आणि आता माझ्या स्वतःच्या दवाखान्यात व्ही.ए.ने बाहेर तपासायला पाठवलेले रुग्णही बघते. सेवेत झालेल्या अपंगत्वाच्या भरपाईचे क्लेम मंजूर करणं माझ्या हातात कधीच नव्हतं. त्याबद्दल जे सांगते ते रुग्णांनी टेबलावर ठेवलेल्या कागदांवरून शिकलेलं आहे. डोळ्यांबद्दल जे सांगते ते माझं रोजचं काम आहे.

तुमचं काही चुकलेलं नाही. व्ही.ए.मध्ये तपासणी आणि चष्मा या दोन गोष्टी वेगवेगळ्या नियमांनी चालतात, आणि हे कोणी नीट समजावून सांगत नाही. नेहमीची नेत्रतपासणी नाव नोंदलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला मिळते, काचबिंदूसारख्या आजारांची चाचणीही त्यातच येते. चष्मा तसा येत नाही. तो येतो प्रोस्थेटिक्स विभागाकडून, म्हणजे कृत्रिम पाय, व्हीलचेअर आणि श्रवणयंत्रं देणाऱ्या विभागाकडून. मी नोकरीला लागले तेव्हा मलाही याचं नवल वाटलं होतं. पण एकदा हे लक्षात आलं की खिडकीवरच्या माणसाचं वागणं समजायला लागतं. तो तुमचा नंबर बघत नाही. संगणकावर तुमची पात्रता बघतो.

याचं मूळ १९९६ च्या कायद्यात आहे. त्या कायद्याने व्ही.ए.ची पात्रता बदलली आणि नाव नोंदणाऱ्यांना एकसारख्या वैद्यकीय सेवा मिळण्याची वाट मोकळी केली. पण त्याच कायद्याने चष्मा आणि श्रवणयंत्र यांच्याभोवती कुंपणही घातलं: या वस्तू व्ही.ए.ने आखलेल्या नियमांनुसारच द्यायच्या. मला त्यामागचा हिशेब असा दिसतो की पन्नाशीच्या आसपास जवळजवळ प्रत्येकाला चष्मा लागतो. तो सगळ्यांना द्यायचा ठरवला तर पैसे कुठेच पुरणार नाहीत. म्हणून नियमात स्पष्ट म्हटलंय की वयाबरोबर सर्वसाधारणपणे येणारी नजरेची उणीव तेवढ्यावर चष्मा देण्याइतकी धरली जाणार नाही.

आपल्या भाषेत जवळच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात. त्या एका शब्दात हा नियम बसतो. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वर्षागणिक ताठर होत जातं आणि जवळचं बघताना त्याला पुरेसा फुगवटा घेता येत नाही. ४६ व्या वर्षी जवळचा दीडचा नंबर म्हणजे अगदी वेळेवर आलेली चाळिशी. ती लष्करात गेल्यामुळे आलेली नाही आणि गेला नसता तरी आली असती. त्यामुळे तुमच्या डोळ्यांच्या जोरावर तुम्हाला चष्मा मिळणं अवघड आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. बरेच जण म्हणतात, 'भरती होताना माझी नजर स्वच्छ होती, बाहेर पडलो तेव्हा नंबर होता, म्हणजे लष्करामुळेच झालं.' असा क्लेम टाकतात आणि नकाराचं पत्र आलं की मन खट्टू करून बसतात. भरपाईच्या नियमांत साधा नंबर, म्हणजे जवळचा, लांबचा किंवा तिरका, हा आजार किंवा दुखापत मानलाच जात नाही. डोळ्याला मार लागला, स्फोटाचा दणका बसला, बुबुळावर जखम झाली, पडद्याला इजा झाली, तर गोष्ट वेगळी. नुसत्या नंबरासाठी त्या वाटेने जाऊ नका.

मग तुमच्या मित्राला चष्मा कसा मिळतो? त्याचं पत्र मी पाहिलेलं नाही, पण पैज लावायची तर मी म्हणेन की त्याला कशासाठी तरी किमान १० टक्के रेटिंग, म्हणजे व्ही.ए.ने ठरवलेली अपंगत्वाची टक्केवारी, आहे. गुडघा असेल, पाठ असेल, कानही असेल. सेवेशी जोडलेलं आणि भरपाई मिळण्याइतकं अपंगत्व, ज्याला तिथे 'कॉम्पेन्सेबल' म्हणतात, एकदा कागदावर आलं की ते कोणत्या अवयवाचं आहे याने चष्म्याला काही फरक पडत नाही. गुडघ्याच्या १० टक्क्यांवर चष्मा मिळतो. हे ऐकून लोक माझ्याकडे असे बघतात जणू मी काही चुकीचं वाचून दाखवतेय. पण नियम तसाच आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक आजोबा यायचे, व्हिएतनामच्या लढाईतले. चष्म्याची दांडी चिकटपट्टीने बांधलेली, काचांवर इतके ओरखडे की मला त्यांच्या डोळ्यांत नीट बघताही येईना. औषधाच्या दुकानातला तयार चष्मा होता तो. मी सहज विचारलं तेव्हा कळलं की गुडघ्यासाठी त्यांना कित्येक वर्षांपासून १० टक्के मिळत होते. 'ते पत्र गुडघ्याचं आहे,' असं ते मला समजावत होते. त्या दिवशी त्यांना फ्रेम निवडायला नेलं. दोन आठवड्यांनी चष्मा टपालाने घरी पोहोचला. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या रुग्णाला डोळ्यांआधी रेटिंगचं पत्र विचारते.

१० टक्क्यांखेरीज आणखी काही दारं आहेत. शत्रूच्या कैदेत राहिलेले आणि पर्पल हार्ट, म्हणजे लढाईत जखमी झाल्याबद्दलचं पदक, मिळालेले यांना चष्मा मिळतो. व्ही.ए.च्याच उपचारांत इजा होऊन ज्यांना त्याबद्दलचा लाभ मंजूर झाला आहे त्यांनाही. घराबाहेर पडता येत नाही किंवा रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते म्हणून ज्यांचं पेन्शन वाढवलेलं आहे, तेही यात येतात. तुमच्या लिहिण्यावरून यातलं काही तुम्हाला लागू दिसत नाही. उरलेली दारं वैद्यकीय आहेत, आणि त्यातलं एक तुमच्यासाठी अर्धवट उघडं असू शकतं. तिकडे येतेच, पण आधी कान.

तुम्ही सहा वर्षं इंजिनं आणि जनरेटरच्या आवाजात काढली. कानात सतत शिट्टी वाजणं याला टिनिटस म्हणतात, आणि व्ही.ए. भरपाई देतं त्या अपंगत्वांमध्ये टिनिटस सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी आहे. आजच्या कोष्टकानुसार त्याला १० टक्के रेटिंग मिळतं, मग शिट्टी एका कानात असो वा दोन्ही. म्हणजे तुमचा हा त्रास सेवेशी जोडलेला आहे असं मान्य झालं, तर चष्म्याचं दार त्यातूनच उघडतं. शिवाय कानाची देखभाल आणि दर महिन्याची भरपाई वेगळीच.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण मला तिची काळजी आहे. शिट्टी खरोखर वाजत असेल तरच हा क्लेम करा, आणि ती कधी सुरू झाली तेही जसं आठवतं तसंच सांगा. तुमच्या प्रश्नावरून मला ती खरी वाटते, कारण तुम्ही तिला महत्त्वच दिलेलं नाही. आपल्याकडे फौजी माणूस दुखणं सांगायला लाजतो. माझ्या वडिलांच्या पिढीत मी हे खूप पाहिलं. पण सेवेत झालेलं दुखणं कागदावर आणणं म्हणजे भीक मागणं नव्हे. तुमच्या देखभालीची जबाबदारी कोणाची, हे त्याने ठरतं.

कागदांचं काम असं करा. आधी तुमच्या व्ही.ए.च्या खात्यात जाऊन रेटिंगचं पत्र उतरवून घ्या. कदाचित तुम्ही पूर्वी कधी क्लेम केलाही असेल आणि विसरला असाल. त्यात 'शून्य टक्के' असं काही असेल तर तेही नीट वाचा. शून्य टक्के म्हणजे त्रास सेवेशी जोडलेला आहे हे मान्य झालं, पण भरपाईइतका नाही. त्या शून्यावर सहसा चष्मा मिळत नाही. पण शून्याचे दोन किंवा जास्त कायमचे त्रास मिळून नोकरी-धंद्यात अडचण येत असेल तर एकत्र १० टक्के देण्याची तरतूद नियमांत आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि शून्यचा त्रास नंतर वाढला असेल तर वाढीव रेटिंगसाठी अर्ज करता येतो.

पत्रात काहीच नसेल तर क्लेमचा अर्ज २१-५२६ईझेड या क्रमांकाचा आहे. तो लगेच भरून होणार नसेल तर आधी 'इंटेंट टू फाइल' नोंदवा. त्याने तुमची तारीख वर्षभर राखली जाते, आणि क्लेम मंजूर झाला तर भरपाई सहसा त्या तारखेपासून धरतात. सोबत डीडी-२१४ ची, म्हणजे लष्करातून मुक्त झाल्याच्या दाखल्याची, प्रत लागेल. तुमच्याबरोबर वर्कशॉपमध्ये असलेल्या सहकाऱ्याने आवाजाबद्दल आणि तुमच्या तक्रारीबद्दल दोन परिच्छेद लिहून दिले तर तेही जोडा. कान पहिल्यांदा कधी वाजायला लागला हे बायकोला आठवत असेल तर तिचंही निवेदन चालतं.

आणि हे सगळं एकट्याने करू नका. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स, अमेरिकन लीजन या संघटनांचे अधिकृत प्रतिनिधी क्लेम भरायला फुकट मदत करतात. बऱ्याच काउंटींमध्येही यासाठी नेमलेला अधिकारी असतो. पहिल्या क्लेमसाठी पैसे मागणाऱ्या कंपन्यांपासून लांब राहा. सुरुवातीच्या अर्जासाठी शुल्क घेण्याची परवानगी अधिकृत प्रतिनिधींनाही नाही, तर मग इतरांना पैसे का द्यायचे? माझ्या एका रुग्णाने अशा कंपनीशी करार केला होता. मंजूर झालेल्या भरपाईतला मोठा हिस्सा त्याला कित्येक महिने द्यावा लागला. तो माणूस माझ्यासमोर बसून हिशेब करत होता आणि मला काय बोलावं सुचत नव्हतं.

अफगाणिस्तानबद्दलही थोडं. २०२२ च्या पॅक्ट कायद्यामुळे, तिथे उघड्यावर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरात काम केलेल्यांसाठी काही आजार सेवेशी जोडलेले आहेत असं गृहीत धरतात. त्यात सेवेनंतर निदान झालेला दमा, जुनाट सायनसायटिस आणि नाकाचा जुनाट दाह आहेत. यातलं काही तुम्हाला असेल तर प्रतिनिधीला आवर्जून सांगा. मधुमेह मात्र त्या यादीत नाही. टाइप-२ मधुमेह गृहीत धरला जातो तो एजंट ऑरेंज या युद्धात फवारलेल्या तणनाशकाच्या संपर्कात आलेल्यांसाठी, म्हणजे मुख्यतः व्हिएतनामच्या पिढीसाठी. 'मित्राच्या वडिलांना मधुमेहावर मिळाले, मग मला का नाही' याचं उत्तर हे आहे.

आता ते अर्धवट उघडं वैद्यकीय दार. ज्या आजारासाठी व्ही.ए. तुमच्यावर उपचार करतं, त्या आजारामुळे किंवा त्याच्या उपचारामुळे नजर बिघडली असेल, तर रेटिंग नसतानाही चष्मा मिळू शकतो. पक्षाघात, मेंदूला मार, मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि मधुमेह ही त्याची नेहमीची उदाहरणं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा लिहून दिलेल्या औषधाने डोळ्यांवर परिणाम झाला असेल, तेही यात येतं. रोजची कामं जमेनाशी होण्याइतका शारीरिक किंवा बौद्धिक ऱ्हास झाला असेल, किंवा दिसतच नसल्यामुळे स्वतःच्या उपचारांत भाग घेता येत नसेल, तर त्यांच्यासाठीही वाट आहे. इन्शुलिनच्या सिरिंजवरच्या खुणा न दिसणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या शेवटच्या वाटेचा अर्थ कळेल.

तुमच्या बाबतीत सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: मधुमेहाने तुमच्या डोळ्यांत काही बदल केला आहे का? मधुमेह असणं पुरेसं नाही. तपासणाऱ्या डॉक्टरने नोंदीत लिहायला हवं की नजरेतली ही उणीव मधुमेहामुळे आहे. आणि ते खरं असेल तेव्हाच ते लिहितील. मी स्वतः नुसत्या चाळिशीला मधुमेहाचं नाव कधी दिलं नाही, देणारही नाही. पण विचारायला लाजू नका. डॉक्टरला सरळ विचारा, 'माझ्या पडद्यावर किंवा भिंगावर मधुमेहाचा परिणाम दिसतो का? दिसत असेल तर तो नोंदीत लिहिलाय का?' घाईच्या ओपीडीत परिणाम दिसूनही चष्म्याच्या कागदावर फक्त नंबर लिहिला जातो आणि खिडकीवर नकार येतो, असं मी अनेकदा पाहिलंय. अशा वेळी नोंद दुरुस्त झाली की काम होतं.

मधुमेहाबद्दल आणखी एक, आणि हे पात्रतेपेक्षा तुमच्या डोळ्यांसाठी मोठं आहे. रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगात पाणी शिरतं किंवा निघून जातं, आणि नंबर बदलतो. साखर खूप वाढली की लांबचं धूसर होतं. औषधाने ती झपाट्याने खाली आली की कधी कधी जवळचं. साखर हलत असताना केलेला चष्मा महिन्याभरात निरुपयोगी होतो. म्हणून गोळी बदलली असेल, डोस वाढला असेल, तर साखर काही आठवडे स्थिर होईपर्यंत मी नंबर पक्का करत नाही. तुमच्या तपासणीच्या वेळी साखर कशी होती ते बघा. त्या महिन्यात गडबड असेल तर नंबर पुन्हा तपासून घ्या, चष्मा कोणाच्याही पैशाने करा.

आणि दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासायचाच. मधुमेहाने पडद्यावर होणारा बिघाड सुरुवातीला दिसत नाही, दुखत नाही. धूसर व्हायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मी चष्मा न मिळालेले पुष्कळ लोक पाहिले आणि त्यांचं पुढे काही बिघडलं नाही. पण चष्मा मिळाला नाही म्हणून रुसून तपासणीला यायचंच सोडलेले जे दोघे मला आठवतात, त्यांच्या पडद्यांची अवस्था आजही डोळ्यांसमोरून जात नाही. चष्मा नाकारला तरी तपासणीचा हक्क तुमचाच आहे. तो सोडू नका.

बिलाबद्दल. आधी मंजुरी न घेता बाहेरच्या दुकानातून चष्मा केलात तर व्ही.ए. पैसे परत देईल असं धरून चालू नका. सोपं वाटतं, पण इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. २०१९ पासून, मिशन कायद्यानुसार, गाडीने सरासरी ६० मिनिटांपेक्षा जास्त अंतर असेल किंवा २८ दिवसांत वेळ मिळत नसेल, तर तज्ज्ञांकडे जाण्यासाठी व्ही.ए. बाहेर पाठवू शकतं. माझ्याकडे असे रुग्ण येतात. पण ती मंजुरी तपासणीची असते. चष्मा मी विकू शकत नाही. मी नंबर लिहून तो विनंतीच्या अर्जासोबत व्ही.ए.ला परत पाठवते, आणि पात्रता असेल तर चष्मा तिथूनच बनतो. एका दुकानात, नाव घेत नाही, अशाच एका रुग्णाला 'व्ही.ए.चं पत्र आहे ना, मग भरून मिळेल' असं सांगून महागाची फ्रेम आणि प्रोग्रेसिव्ह काचा विकल्या. त्याला १० टक्के रेटिंग होतं, व्ही.ए.कडून चष्मा फुकट मिळाला असता. ते पैसे त्याचे गेले.

पात्र ठरलात तर काय मिळेल, त्याचीही कल्पना देते. फ्रेम ठरावीक साठ्यातून निवडायच्या. टिकाऊ असतात, फॅशनच्या नसतात. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचा तुमच्या गरजेनुसार आणि त्या केंद्राच्या पद्धतीनुसार मिळतात. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा किंवा विशेष रंग हवा असेल तर वैद्यकीय कारण लागतं. कॉन्टॅक्ट लेन्सचंही तसंच. केराटोकोनससारखा, म्हणजे बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा, आजार असेल, जिथे चष्म्याने नीट दिसतच नाही, तर लेन्स मिळतात, केवळ आवड म्हणून नाही. नजर फारच कमी असणाऱ्यांसाठी मात्र व्ही.ए.ची सेवा उत्तम आहे. भिंगं, वाचनयंत्रं, अंध माजी सैनिकांच्या पुनर्वसनाची केंद्रं. त्यातलं पहिलं केंद्र इलिनॉयमधल्या हाइन्स इथे १९४८ साली सुरू झालं. तुमच्या ओळखीत कोणाला चष्मा लावूनही वाचता येत नसेल तर त्यांना 'लो व्हिजन' तपासणी मागायला सांगा.

वडिलांच्या बाबतीत उत्तर छोटं आणि नकाराचं आहे. व्ही.ए.चा चष्मा फक्त त्या माजी सैनिकाला मिळतो. बायको, मुलं, आईवडील यात येत नाहीत. आणि त्यांची नोकरी भारतीय लष्करातली, त्यामुळे त्यांचा हक्क भारतातल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेकडे आहे, जी योजना एप्रिल २००३ पासून चालू आहे. इथे असताना त्यांची नजर तातडीने तपासायची गरज पडली तर प्रवासी विमा बघा. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या हिवाळ्यात भारतातच झालंय. तेव्हा त्यांच्याकडे नंबराचा कागद असेलच. इथल्या दुकानात त्यावरून सहसा चष्मा बनवून मिळत नाही, कारण बऱ्याच राज्यांत इथल्या परवानाधारकाचं प्रिस्क्रिप्शन लागतं. परत गेल्यावर तिथेच करून घेणं त्यांना सोपं आणि स्वस्त पडेल.

समजा कुठलंच दार उघडलं नाही, किंवा क्लेमचा निकाल यायला काही महिने लागतील. तोवर काम कसं चालवायचं? व्ही.ए.मध्ये झालेल्या तपासणीचा नंबर तुमचा आहे. त्याची प्रत मागून घ्या, आणि बाहुल्यांमधलं अंतरही मोजून लिहून घ्या. ते कागदावर नेहमी असतंच असं नाही आणि त्याशिवाय चष्मा नीट बसत नाही. तो कागद घेऊन कुठल्याही दुकानात जा. नोकरीतून व्हिजन इन्शुरन्स असेल तर आधी तो वापरा. तुमच्यासारख्या सहा वर्षं सेवा केलेल्याला लागू नाही, पण वाचणाऱ्यांत कोणी २० वर्षं पूर्ण करून निवृत्त झालेले असतील तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी आणखी आहेत. व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनच्या नौदलाच्या चष्म्याच्या प्रयोगशाळेतून साधा चष्मा मिळू शकतो, आणि २०१९ पासून त्यांना संघराज्य कर्मचाऱ्यांच्या व्हिजन विम्यात भाग घेता येतो. वय ६५ च्या पुढे असून मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, असेल तर नेहमीचा चष्मा त्यात येत नाही. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवल्यावर मात्र मेडिकेअरचा पार्ट बी हा भाग एक चष्मा करून देतं, त्यातला काही वाटा तुम्हाला भरावा लागतो.

तुमच्यासाठी मी क्रम असा ठेवेन. या आठवड्यात रेटिंगचं पत्र उतरवून वाचा आणि इंटेंट टू फाइल नोंदवा. पुढच्या आठवड्यात जवळच्या संघटनेच्या प्रतिनिधीची वेळ घ्या. त्याला कानाबद्दल सगळं सांगा, सायनसचा त्रास असेल तर तोही. मग नेत्रविभागात फोन करा. ऑप्टोमेट्रीची वेळ घ्यायला प्राथमिक डॉक्टरचं पत्र लागत नाही, थेट मागता येते. त्या भेटीला सध्या जो कुठला चष्मा वापरता तो, गेल्या तीन महिन्यांची साखर, औषधांची यादी आणि काम करताना वाचनाचं अंतर किती असतं ते लिहून न्या. मेकॅनिकला बोनेटखाली हाताच्या अंतरावर बघायचं असतं, पुस्तकाच्या अंतरावर नाही, आणि तुमचा दीडचा नंबर कोणत्या अंतरासाठी काढलाय हे विचारल्याशिवाय कोणी सांगणार नाही. पत्रात काय निघालं ते इथे लिहा. शून्य टक्के असेल तर नेमके शब्द उतरवा, त्यावरून पुढचं सांगेन.